शेवटच्या कडव्यातला वामन

एप्रिल उजाडला की नाशिकच्या आमच्या वस्तीत भीमजयंतीच्या वर्गणीची पावतीपुस्तकं निघायची. 13 तारखेला रात्री बाराला फटाके, 14 ला मिरवणूक, दुसऱ्या रात्री गायन पार्टी. आधी भाषणं होत. त्यांतलं मला एकही आठवत नाही.

बाकडी जोडून वर सतरंजी, की झालं स्टेज. पेटी, ढोलकी, मागे तिघांचा कोरस. गाणं आवडलं की कुणीतरी उठून पेटीवर पाचाची नोट ठेवायचा आणि गायक गाणं तिथंच थांबवून त्याचं नाव पुकारायचा. आमचे एक शेजारी त्या नावासाठीच नोट सुटी करून आणत.

गाण्याच्या शेवटच्या कडव्यात हटकून ‘वामन’ यायचा. पेटीवाला तोच, असं मी ठरवून टाकलं होतं. पुढच्या वर्षी मनमाडची पार्टी आली, गाणारी बाई, आणि तिच्याही गाण्यात वामन!

आजी हसली. दीक्षेआधी ती भजनात बसायची. म्हणाली, “अरे, ‘चोखा म्हणे’ येतं ना, तसंच हे. ज्यानं गाणं बांधलं त्याचं नाव.”

ते वामनदादा कर्डक. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, जन्म 1922 चा. म्हणजे आमच्याच जिल्ह्यातले. तरी आमच्या मंडळात ते कधी आले नाहीत, आली ती त्यांची गाणी. चाल ओळखीची असायची, कधी लोकगीताची, कधी कव्वालीच्या ढंगाची, त्यामुळे दुसऱ्या कडव्याला अख्खी वस्ती कोरस धरायची. उसन्या चालींना नाकं मुरडणारे भेटतात. त्यांनी एकदा बायकांमध्ये बसून ऐकावं. शब्द मात्र कुणाचे उसने नव्हते: बाबासाहेब, मजुरी, भूक, शाळेची ओढ, सगळं घरात बोलतो तसं.

वामनदादा शाळेत गेलेच नव्हते. मुंबईत मोठेपणी अक्षरं शिकले, दुकानांच्या पाट्या वाचत वाचत. हे आजीला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती.

त्या जयंतीला तिनं स्टॉलवरून गाण्यांची पातळ पुस्तिका घेतली. वाचता तर येत नव्हतं. मी ‘वा’, ‘म’, ‘न’ दाखवले. मग प्रत्येक गाण्याच्या तळाशी बोट फिरवत ती ती तीन अक्षरं शोधायची आणि सापडली की मला हाक मारायची.