फी काउंटरवरून दिसणारी पोरं

खासगी विद्यापीठ म्हटलं की गावाकडं दोन वाक्यं ठरलेली: ‘पैसेवाल्यांची पोरं’ आणि ‘कुठं नंबर लागला नाही म्हणून तिथं गेली’. छत्रपती संभाजीनगरातल्या अशाच एका विद्यापीठाच्या फी विभागात मी काम करतो. पहिल्या हप्त्याच्या शेवटच्या दिवशी काउंटरवर वेगळंच दिसतं.

यंदा त्या दिवशी गेवराईकडचे एक काका मुलीला घेऊन आले. बी.टेक.चा प्रवेश, हातात आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाचा दाखला. “पोरींची फी माफ केली म्हणले ना सरकारनं?”

केली आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ. पण खासगी अभिमत आणि आमच्यासारखी स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं त्यातून वगळली आहेत. काकांनी दाखल्याची घडी घातली, परत उघडली, परत घातली.

मुलीचे मार्क चांगले होते. कॅपमध्ये, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्यांत, हवी ती शाखा पुण्याला मिळत होती. घरच्यांनी एवढ्या लांब धाडलं नाही. फेऱ्या संपल्यावर नाइलाजानं येणारी मुलं असतातच, एकरकमी फी भरणारी डॉक्टर-ठेकेदारांची मुलंही असतात. पण हप्ते पाडून मागणाऱ्यांची रांग लांब असते, कारण पहिला हप्ता येतो पेरणीच्या आगेमागे. बी-खतात पैसा गुंतलेला, कापूस-सोयाबीन घरात यायला दसरा-दिवाळी.

मग उरतं शैक्षणिक कर्ज. साडेसात लाखांपर्यंत सहसा तारण लागत नाही. त्यापुढं लागतं, आणि शेतजमीन बहुतेक बँका घेत नाहीत, कारण कर्ज थकलं तर कोर्टात न जाता तारण जप्त करू देणारा सरफेसी कायदा तिला लागू नाही. म्हणजे सातबाऱ्यावर पाच एकर असूनही उपयोग शून्य. खरी अडचण वेगळीच असते: वडील सहकर्जदार, आणि कर्जमाफीच्या आशेवर पीककर्ज थकवलेलं. सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासावरचा गुणांक, तिथंच घसरतो. काकांचंही तेच निघालं. आधी ते खातं नियमित करा, आणि सिबिलवर दिसायला वेळ लागतो म्हणून भरल्याची पावती नि थकबाकी नसल्याचा दाखला फाइलला लावा, असं त्यांना सांगितलं.

आमच्याकडून बोनाफाईड, प्रवेशपत्र आणि चारही वर्षांचं फीपत्रक दिलं. फीपत्रकात वसतिगृह, मेस, परीक्षा शुल्क वेगवेगळं लिहून घ्यायचं. नुसतं शिक्षण शुल्क लिहिलं तर बँक तेवढंच मंजूर करते आणि मेसचे पैसे दर महिन्याला घरून येतात. बारावीच्या गुणपत्रिकेवरचं आणि आधारवरचं नाव जुळतंय का, तेही तिथंच पाहिलं. मंजुरी येईस्तोवर हप्ता पुढं ढकलण्याचा अर्ज मुलीनं स्वतःच्या अक्षरात लिहिला.

बँकेनं रक्कम थेट आमच्या खात्यात टाकली की यूटीआर नंबर, म्हणजे त्या बँक व्यवहाराचा क्रमांक, आणून द्यायला तिला बजावलंय. तो नसेल तर पैसे कुणाचे ते कळत नाही, आणि फी जमा असूनही हॉल तिकीट ‘बाकी’ दाखवून अडतं.