टाइल्स नंतर, आधी उतार बघा

आज एका बागेच्या स्वच्छतागृहाच्या नकाशावर बैठक. अर्धा वेळ टाइल्सच्या रंगात गेला, उताराबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही!

वास बहुतेकदा नहाणी ट्रॅपमधून येतो, म्हणजे फरशीच्या जाळीखालच्या त्या भांड्यातून, ज्यात साचलेलं पाणी गटाराची हवा अडवतं. त्यात निदान 50 मिमी पाणी उभं राहायला हवं. बडोद्याच्या मे महिन्यात वापरात नसलेल्या ट्रॅपचं पाणी आटतं आणि गटाराची हवा सरळ आत. म्हणून बेसिनचं सांडपाणी त्याच ट्रॅपमधून न्या, तो आपोआप भरलेला राहतो. फरशीला मीटरमागे 10-12 मिमी उतार पुरे, पण ट्रॅपकडे. घाईत तो दाराकडे निघतो आणि उंबऱ्याशी डबकं साचतं.

बडोद्याच्या कमाटीबागेत रविवारी रांग कुठे लागते? बायकांकडेच. सारख्या जागेत पुरुषांकडे युरिनल जास्त मावतात, त्यामुळे निम्मी-निम्मी जागा हा न्याय नव्हेच.

व्हीलचेअरसाठी दार 900 मिमी मोकळं, आत वळायला 1500 मिमी, रॅम्प 1:12, म्हणजे 1 मीटर चढायला 12 मीटर लांबी. दार बाहेर उघडणारं. आत कोणी कोसळलं तर उघडता यायला हवं. काळी टाकी गच्चीवर उघडी ठेवली तर दुपारी नळाचं पाणी चटके देतं, वर पत्र्याची सावली हवी. आणि दाराला आतून एक दणकट खुंटी लावा हो, पर्स काय ओल्या फरशीवर ठेवायची?