दुसरी कंपासपेटी

शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात पहिल्यांदा गेलो तेव्हा प्रश्नांची उत्तरं पाठ करूनच गेलो होतो. समुपदेशक बाईंनी विचारलं भलतंच. लेकीची रिक्षा किती वाजता येते? डब्यात काय संपवते? ताप आला की रजा कोण काढतं? तिसऱ्या प्रश्नाला मी गप्प.

1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानुसार पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे. आमची सातची, म्हणून मी खुशीत! वकीलसाहेब म्हणाले, "पाच काय नि सात काय, कोर्ट आधी मुलाचं हित बघतं. तुमचा पगार नंतर."

शेवटी परस्परसंमतीने घटस्फोटाचा अर्ज केला. अर्जानंतर थांबायची सहा महिन्यांची मुदत 2017 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर काही अटींवर माफ होऊ शकते; आम्ही घाई केली नाही. अटी लिहिताना सगळ्यात मोठं भांडण पोटगीवरून नाही, गणपतीवरून झालं. ठरलं असं: गौरी येईपर्यंत आईकडे, विसर्जनाला माझ्याकडे.

शनिवारी दहाला तिला कोथरूडहून आणतो. कंपासपेटी दर वेळी तिकडेच राहते. परवा अप्पा बळवंत चौकातून दुसरी घेतली, तशीच निळी. तिने उघडून पाहिली.

"बाबा, यात खोडरबर नाहीये."