आतल्या शिवणींवर पुन्हा पांढरी भुकटी

आली. धुतली, पुसली, मेण लावलं, तरी आली. गेल्या वेळी लिहिल्याप्रमाणे दिव्याच्या रंगीत काचेच्या शेडचं काम चालू आहे: घुमटाचे तुकडे डाखानं (कथील-शिशाच्या मिश्रणानं) जुळले, खालचं पितळी कडं बसलं, शिवणींवर काळा पॅटिनाही (डाख काळा करणारं रसायन) चढला. आणि आता शिवणींच्या कडेनं पांढरं फुटलंय, तेही फक्त आतून. बाहेरची बाजू काळीभोर आणि झकास.

पहिला संशय मेणावर होता. टर्पेंटाइनच्या बोळ्यानं मेण निघालं, भुकटी राहिली. मग फ्लक्स, म्हणजे डाख नीट धरावा म्हणून आधी लावतात ते रसायन. झिंक क्लोराइडवालं फ्लक्स काचेच्या कडांना गुंडाळलेल्या तांब्याच्या फॉइलखाली शिरून बसतं, म्हणून सोड्याच्या कोमट पाण्यात मऊ ब्रशनं शिवण न् शिवण घासली, वर डिस्टिल्ड पाणी फिरवलं. (पॅटिना विकणारे बाटलीवर नुसतं ‘नीट धुवा’ लिहून मोकळे होतात. नीट म्हणजे कसं, ते आपण शोधायचं.) काही दिवसांत भुकटी हजर.

धागा सापडला तो चाचणीच्या पट्टीवर. डाख तोच, फ्लक्स तेच, पॅटिना तोच. पट्टी खिडकीत उघडी पडलेली आणि स्वच्छ. शेड मात्र प्लायवूडच्या बंद खोक्यात, पालथी. प्लाय, लाकूड, पुठ्ठा यांतून ॲसिटिक आम्लाची वाफ हळूहळू सुटत राहते. बंद जागेत ती शिशाला लागते, पुढचं काम हवेतला कार्बन डायऑक्साइड करतो आणि शिशाचा कार्बोनेट तयार होतो. रंगासाठी शिशाचा सफेदा पूर्वी असाच, व्हिनेगरच्या वाफेत शिसं ठेवून बनवत. म्हणजे माझ्या घुमटाखाली सफेद्याचा कारखानाच चालू होता. हे विषारी असतं, तेव्हा कोरडं खरवडू नका. हातमोजे घालून ओल्या फडक्यानं टिपा आणि फडकं टाकून द्या.

डाखकामावर मात्र मी खूश आहे. आतून ५०/५० वापरला, म्हणजे निम्मं कथील, निम्मं शिसं. तो १८३ अंशांना वितळू लागतो, पण पूर्ण पातळ व्हायला २१४च्या आसपास जावं लागतं. मधल्या टप्प्यात लापशीसारखा राहतो, त्यामुळे फटीतून पलीकडे गळत नाही. बाहेर ६०/४० (६० टक्के कथील, ४० टक्के शिसं), तो १९०लाच पातळ होतो आणि गोल, गुळगुळीत उठतो. तापमान राखणारं डाख द्यायचं आयर्न घेतल्यापासून काचही तडकलेली नाही. टोक साफ करायला नवसागराची वडीच बरी, डबीतल्या पेस्टचं कौतुक मला कधी कळलं नाही.

थांबा, हे लिहितानाच लक्षात आलं: आत ५०/५० म्हणजे आत शिसंही जास्त! मग दोष वाफेचा की डाखाचा? चाचणीची पट्टीही ५०/५०चीच आहे, म्हणजे नुसतं शिसं पुरत नसावं. पण खिडकीतल्या उघड्या हवेवर एवढा भरवसा नको. शेड पुन्हा धुवायचा बेत रद्द. आधी झाकणाच्या बरण्या मांडते: दोन्ही डाखांच्या पट्ट्या, प्लायच्या तुकड्यासह आणि तुकड्याविना. शिवाय एक पट्टी शिसंविरहित कथील-तांब्याची. तो डाख २२७ला वितळतो, आयर्न जास्त तापवावं लागतं आणि उठावही तसा येत नाही, पण ज्यात शिसंच नाही त्यावर सफेदा कुठून येणार?

विस्टेरियाच्या (वेलीवरच्या फुलांच्या) शेडचा नमुना तोवर बाजूला. टिफनी स्टुडिओची डिझायनर क्लारा ड्रिस्कॉल हिच्या मूळ शेडमध्ये सुमारे २००० तुकडे आहेत. तेवढ्या शिवणी टिपत बसायची माझी तयारी नाही. कुणाची जुनी शेड लाकडी कपाटात असेल, तर आतून बॅटरी मारून बघा आणि डाख कोणता होता तेही सांगा.