नवं नाव फुकट मिळतं तेव्हा

अंधेरीत मी ऑनलाइन खेळांचे नियम बनवण्याचं काम करते. हे कळलं की हमखास विचारलं जातं, "माणसं भावनेच्या भरात वागतात, त्यांचं वागणं गणितात कसं बसणार?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

गेम थिअरी, म्हणजे एकाचा फायदा दुसऱ्याच्या वागण्यावर अवलंबून असतो तेव्हाच्या निर्णयांचं गणित, माणसाला पैशापुरता धरत नाही. ज्याला जे हवं, तोच त्याचा फायदा. ऑनलाइन खेळ बनवणारे रिचर्ड बार्टल यांनी 1996 मध्ये खेळाडूंचे चार प्रकार मांडले : कुणाला गुण कमवायचे असतात, कुणाला जग धुंडाळायचं, कुणाला गप्पा मारायच्या, तर कुणाला दुसऱ्याला छळायचं. छळण्यातली मजाही आकड्यात धरता येते.

समजा, दोन खेळाडू तलवार आणि नाण्यांचा सौदा करतायत. दोघं प्रामाणिक राहिले तर प्रत्येकी 3 गुण. एकानं फसवलं तर त्याला 5, दुसऱ्याला शून्य. दोघांनी फसवलं तर 1-1. पुन्हा भेटायचंच नसेल तर फसवणं फायद्याचं. पण फसवलेला माणूस परत कधीच विश्वास ठेवणार नसेल आणि प्रत्येक सौद्यानंतर पुन्हा गाठ पडण्याची शक्यता निम्मी किंवा जास्त असेल, तर सचोटी परवडते. रोजच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर सरकून चौथीला जागा देतात ना? त्याच बायका उद्याही भेटणार असतात.

आभासी जगात घोडं इथेच अडतं. बदनाम झालेला माणूस नवं खातं उघडून कोऱ्या पाटीनं परत येतो. एरिक फ्रीडमन आणि पॉल रेझनिक या संशोधकांनी 2001 मध्ये दाखवून दिलं की नावं फुकट मिळत असली की प्रत्येक नवख्याकडे संशयानं बघणं भाग पडतं. म्हणजे लबाडाच्या कर्माची भरपाई करायची ती नुकत्याच आलेल्या प्रामाणिक माणसानं! उल्हासनगरची एखादी मुलगी पहिल्यांदा खेळायला येते आणि काही न करताच चोर ठरते. मला हे फार लागतं.

"मग आधार कार्ड मागा," असं बरेच जण सुचवतात. माझा ठाम विरोध आहे. ती माहिती फुटली तर छळणाऱ्याच्या हाती त्या मुलीचा पत्ताच लागेल. फ्रीडमन-रेझनिक यांनीच दुसरी वाट सांगितली आहे : विश्वासू मध्यस्थानं प्रत्येकाला एकच टोपणनाव द्यायचं. ते बदलता येणार नाही आणि त्यामागचं खरं नाव कुणाला कळणारही नाही. नियम लिहायला बसले की मी आधी हीच वाट सुचवते. याला खर्च येतो, मान्य. तो कंपनीनं उचलावा, नवख्यानं का?