आईच्या नावाने

शनिवार, रात्री साडेअकरा

आईला आज दुपारपासून ताप नाही. उद्याच्या गोळ्या वारांच्या डबीत भरल्या, उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला आणि बाहेरच्या खोलीत आवाज अगदी बारीक करून 'अ जर्नी ऑफ स्पिरिट' बघितला. डेबी फ्रीडमन या ज्यू गायिकेवर ॲन कॉपेल यांनी केलेला माहितीपट. मैत्रिणीने दोन महिन्यांपूर्वी सुचवला होता. तेव्हा बघितला नाही ते बरं झालं. तेव्हा आई धडधाकट होती.

डेबीचा जन्म १९५१ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या युटिकाचा, वाढली मिनेसोटात. संगीताचं रीतसर शिक्षण नाही, नोटेशन वाचता येत नव्हतं. गिटार घेऊन ती ज्यू मुलांच्या उन्हाळी शिबिरांत गाणी शिकवायची. जोन बाएझ आणि पीटर, पॉल अँड मेरी यांच्या गाण्यांचा तो काळ. तिच्या पंथाच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, मात्र कॉयर (गाणाऱ्यांचा संच) गायचा, रब्बी म्हणजे धर्मगुरू बोलायचे आणि लोक बाकांवर बसून ऐकायचे. प्रार्थना आपली आणि म्हणायची दुसऱ्यांनी, हे तिला सोसेना. म्हणून तिने जुन्या प्रार्थनांना स्वतः चाली लावल्या, कुणालाही पहिल्या फेरीत उचलता येतील अशा. हिब्रू ओळीला लागून इंग्रजी ओळ, म्हणजे तोंडातून काय निघतंय ते पोरांना कळावं. १९७२ साली पहिली रेकॉर्ड निघाली. त्याच वर्षी सॅली प्रीसँड अमेरिकेतल्या पहिल्या स्त्री रब्बी झाल्या.

परंपरेत तयार झालेल्या अनेक गायकांना हे रुचलं नाही. शेकोटीभोवतीची गाणी देवघरात कशाला, असा तो आक्षेप. मला त्यांचा राग येत नाही. पिढ्यान्‌पिढ्या जपलेली चाल मागे पडेल ही भीती खोटी नसते. पण आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू मंडळींनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बायबलमधली आख्यानं मराठी कीर्तनात रंगवली, ती का? माणसाला देवाशी आपल्या भाषेत, आपल्या सुरात बोलावंसं वाटतं. डेबीच्या बाबतीत तर २००७ मध्ये हिब्रू युनियन कॉलेजने सिनेगॉगचे गायक घडवायला तिलाच बोलावलं, आणि ती गेल्यावर तिथल्या संगीत विद्यालयाला तिचं नाव दिलं.

पण मला आज झोप येत नाहीये ती 'मी शेबेराख'मुळे. आजाऱ्यासाठी म्हणायची ही ज्यूंची जुनी प्रार्थना: आमच्या पूर्वजांना, अब्राहाम, इसहाक, याकोबाला ज्याने आशीर्वाद दिला, तो या आजाऱ्यालाही देवो. डेबीने द्रोरा सेटेल यांच्यासोबत १९८० च्या दशकाच्या अखेरीस ती नव्याने रचली. पूर्वज-वडिलांच्या शेजारी पूर्वज-आयाही आणल्या. आणि मागणं काय, तर धीर. मूळ जुन्या प्रार्थनेत तर आधी 'रेफुआत हानेफेश', जिवाला बरं वाटणं. मग 'रेफुआत हागुफ', देह बरा होणं. हा क्रम मी गेले तीन आठवडे जगतेय. रिपोर्ट सुधारले त्या दिवशी आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. ती खरी सुधारली ते शेजारच्या काकूंनी आणलेल्या मऊभाताला नावं ठेवली तेव्हा!

आणि स्वतः डेबी कित्येक वर्षं मज्जासंस्थेच्या आजाराने बेजार होती. तरी उभी राहायची, गायची. १९९६ मध्ये कार्नेगी हॉलमध्ये गायली. जी स्वतः आजाराशी झुंजत गात राहिली तिचीच ही चाल, म्हणूनच कदाचित मला तिच्यात खोटा दिलासा वाटत नाही. जानेवारी २०११ मध्ये न्यूमोनियाने ती कॅलिफोर्नियातल्या रुग्णालयात होती, तेव्हा ठिकठिकाणी लोक जमून तिच्यासाठी तिचीच 'मी शेबेराख' गात होते. ९ जानेवारीला ती गेली. एकोणसाठ वर्षांची होती. हे वाचून मी फोन पालथा ठेवला आणि आत जाऊन आईच्या कपाळाला हात लावून आले.

आणखी एक गोष्ट. या प्रार्थनेत आजाऱ्याचं नाव घेताना बापाचं नाही, आईचं नाव जोडायची रीत आहे. अमुक, अमुकबाईचा मुलगा. अमुक, तमुकबाईची मुलगी. आईला दाखल करताना मी फॉर्म भरला होता: आधी तिचं नाव, मग बाबांचं, मग आडनाव. आजी त्यात कुठेच नव्हती.

रविवार, सकाळी

चहा गाळताना तीच चाल गुणगुणत होते. आईने आतून विचारलं, "कुठलं गं हे गाणं?" कप घेऊन तिच्याजवळ बसले, सांगितलं सगळं. आईच्या नावाने आजाऱ्यासाठी मागतात, तेही. ती बशी हातात धरून थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पण माझ्या आईचं कुठलं नाव घेशील? तुला ठाऊक आहे ते लग्नातलं. माहेरी तिला वेगळंच म्हणायचे."

आणि तिने ते नाव सांगितलं. मी आज पहिल्यांदा ऐकलं.