पुणे ते काझा: थारची लिफ्ट, मोठे टायर आणि एकूण खर्च

स्पितीला (हिमाचलातलं खोरं, काझा तिथलं मुख्य गाव) जायचंय, तर थारला लिफ्ट बसवावी का, म्हणजे स्प्रिंग-शॉकअप बदलून गाडी उंच करून घ्यावी का, आणि त्यासाठी किती पैसे बाजूला काढावेत, असं जाऊन आल्यापासून बरेच जण विचारतायत. माझं उत्तर ठरलेलं आहे. आधी टायर, मग हवेचा पंप आणि पंक्चरचं सामान, लिफ्ट सगळ्यात शेवटी. तीसुद्धा दोन इंचांपर्यंतच.

आम्ही दोन गाड्या नेल्या होत्या, दोन्ही डिझेल थार, १८ इंची चाकांच्या. माझ्या गाडीला दोन इंचांची लिफ्ट आणि कंपनीच्या २५५/६५ आर१८ ऐवजी २५५/७० आर१८ मापाचे ऑल-टेरेन (डांबरी आणि कच्च्या, दोन्ही रस्त्यांसाठीचे) टायर. मापातला पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, शेवटचा रिमचा व्यास इंचांत. रिम मूळचेच. मित्राने १७ इंची नवे रिम घेऊन २८५/७० आर१७ चढवले होते.

मापं नीट पाहिली तर निम्मा निर्णय तिथेच होतो. मूळ टायरची उंची सुमारे ७८९ मिलिमीटर, माझ्या टायरची ८१४, मित्राच्या टायरची ८३१. उंचीतला फरक निम्माच जमिनीपासूनच्या अंतरात उतरतो, म्हणजे मला साधारण १३ मिलिमीटर मिळाले आणि त्याला २१. त्या आठ मिलिमीटरसाठी त्याला पाच रिम, जड टायर आणि पुढच्या चाकाजवळचं प्लास्टिक कापण्याचा खर्च पडला. एवढं करूनही मनाली-काझा रस्त्यावर छतडू गावाच्या अलीकडच्या वळणांवर स्टिअरिंग पूर्ण वळवलं की त्याचा टायर घासल्याचा आवाज यायचा.

लिफ्टबद्दल एक गोष्ट दुकानात सहसा कोणी आपणहून सांगत नाही. थारचा मागचा ॲक्सल, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा आस, सलग आहे. स्प्रिंग उंच केली की बॉडी वर जाते, पण त्या आसाच्या मध्यावरचा डिफरन्शियलचा (चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरचा) गोळा होता तिथेच राहतो. तो वर जातो फक्त टायर मोठा केल्यावर. पुढचं सस्पेन्शन स्वतंत्र असल्याने तिथला डिफरन्शियल चॅसीबरोबर (गाडीच्या सांगाड्याबरोबर) उचलला जातो, पण चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टचा कोन वाढतो आणि त्याच्या सांध्यांवरचे ग्रीस धरून ठेवणारे रबरी बूट लवकर फाटतात. दोन इंचांवर जाऊ नका म्हणतो ते याचसाठी. त्यापुढे गेलात की वरचे कंट्रोल आर्म (पुढचं चाक चॅसीला जोडणारे दांडे) बदला, मग आणखी काही बदला, अशी रांग लागते.

आता पैसे. आकडे आम्हाला पुण्यात मिळालेल्या कोटेशनचे आहेत, गोळाबेरीज समजा. चांगल्या कंपनीचा ऑल-टेरेन टायर सोळा ते अठरा हजारांना, आणि टायर पाच घ्यायचे, चार नाही. थारची फोर व्हील ड्राइव्ह पार्ट-टाइम आहे, म्हणजे एरवी मागचीच चाकं गाडी ढकलतात, पुढची लागतील तेव्हा जोडायची. स्टेपनी वेगळ्या मापाची लावून फोर-हाय किंवा फोर-लोमध्ये (चारही चाकं जोडून) चाललात, तर पुढच्या-मागच्या चाकांचे फेरे जुळत नाहीत आणि सगळा ताण पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसवर येतो. म्हणजे टायरचेच पंच्याऐंशी-नव्वद हजार धरा. स्प्रिंग आणि शॉकअपचा पूर्ण संच एक लाख दहा ते एक लाख तीस हजार. बसवण्याची मजुरी दहा-बारा हजार. व्हील अलाइनमेंट दोनदा: एकदा बसवल्यावर, एकदा हजारेक किलोमीटरनंतर स्प्रिंगा थोड्या दबून स्थिरावल्यावर. पंप, हवा काढायचं साधन, पंक्चर किट आणि टो-रोप मिळून दहा-बारा हजार. शिवाय एकूण रकमेच्या दहा टक्के हातचे ठेवा. बुश, बोल्ट, बूट अशी किरकोळ बिलं येतातच. सगळं मिळून अडीच लाखांच्या पुढे जातं. टायरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, तेव्हा जुन्या दराचं कोटेशन हातात ठेवून बोलणी करू नका.

पंधरा हजारांत स्पेसर (मूळ स्प्रिंगवर ठेवायची जाड चकती) टाकून देतो, असंही बरेच जण म्हणतील. स्पेसरने गाडी उंच दिसते, पण शॉकअप तेच राहतात, त्यामुळे मागचं चाक खड्ड्यात खाली उतरायची मोकळीक घटते. स्पितीच्या दगडांत नेमकी तीच हवी असते. स्प्रिंग घेतानाही गाडीत नेहमी किती वजन असतं ते खरं खरं सांगा. जास्त भाराची स्प्रिंग रिकाम्या गाडीत पाठ खिळखिळी करते.

रस्त्याचं सांगतो. अटल बोगद्यातून बाहेर पडून उजवीकडे कोकसर, पुढे ग्रांफू. तिथून बातलपर्यंत वाट नदीतल्या गोट्यांवरून चालल्यासारखी आहे. ग्रांफूला थांबून आम्ही टायरची हवा २४ पीएसआयवर आणली. माझ्या मते अख्ख्या प्रवासात सगळ्यात जास्त फरक याच कामाने पडला, आणि त्याला खर्च शून्य. टायर दगडाला बगल न देता त्याच्यावर चपटा बसतो, धक्का अर्धा तो खातो. छोटा दडाजवळ एका नाल्यात पाण्याखालचा धोंडा दिसला नाही. पुढची चाकं त्यावरून गेली, आणि मग मागून ठप्प असा आवाज आला. धोंडा ॲक्सलला घासून गेला होता. दोन इंचांची लिफ्ट त्या क्षणी कामाची नव्हती, टायरचे १३ मिलिमीटर कामाचे होते. उलट बातलनंतर चंद्रतालच्या फाट्याकडच्या अरुंद वाटेवर चढ-उतार एकदम येतात, तिथे पुढचं बंपर आणि पोट टेकलं नाही ते लिफ्टमुळे.

नाले सकाळीच पार करा. दुपारनंतर बर्फ वितळून पाणी चढतं, आणि थारची पाण्यात उतरायची कंपनीने दिलेली मर्यादा ६५० मिलिमीटर आहे. ती लिफ्टने वाढते असं धरून चालू नका, एअर इनटेक आणि विजेच्या जोडण्यांचाही प्रश्न असतो. बातलनंतरची कुंझुम ला ही खिंड साडेचार हजार मीटरच्या वर आहे. तिथे बाहेरची हवा विरळ झाल्याने पुण्यात भरलेला टायर गेजवर पाचेक पीएसआय जास्त दाखवतो, थंडीमुळे त्यातले काही कमी होतात. म्हणून दाब रोज सकाळी गार टायरवर मोजा. इंधन मनालीत काठोकाठ भरा, पुढचा पंप थेट काझात.

डिझेलचा जादा खर्च फार वाटून घेऊ नका. जाऊन-येऊन साडेचार हजार किलोमीटर धरले आणि ॲव्हरेज साडेबारावरून अकरावर आलं, तर पन्नासेक लिटर जास्त लागतात, म्हणजे साडेचार हजार रुपये. मोठ्या टायरमुळे ओडोमीटर कमी मोजतो (माझ्याकडे सव्वातीन टक्के, मित्राकडे पाच), त्यामुळे ॲव्हरेज आहे त्याहून वाईट दिसतं.

कायद्याचा भाग टाळू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या फेरफारांवर मर्यादा घालतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर १८२-अ (४) खाली विनापरवाना प्रत्येक फेरफाराला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. त्यामुळे पैसे भरण्याआधी आरटीओत विचारा. विमा कंपनीला लेखी कळवा, नाहीतर अपघातानंतर क्लेम अडतो. सस्पेन्शनची वॉरंटीही अडचणीत येते. मूळ स्प्रिंगा, शॉकअप आणि टायर विकू नका. गाडी विकताना किंवा तपासणीला ते लागतात.

बजेट दीड लाखाचं असेल, तर पाच टायर, पंप आणि पंक्चर किट घ्या, उरलेले पैसे प्रवासाला ठेवा. स्पिती तेवढ्यावर आरामात होते. लिफ्टसाठी पुढच्या वर्षी पैसे जमवा. परत आल्यावर गाडी रॅम्पवर घेऊन पुढचे चारही बूट हाताने दाबून बघा, ग्रीस बाहेर आलंय का पाहा, सस्पेन्शनचे बोल्ट पुन्हा आवळा आणि टायरच्या खाचांत अडकलेले खडे स्क्रूड्रायव्हरने काढा. माझ्या एका टायरमधून अंगठ्याएवढा टोकदार खडा निघाला. आणखी काही शे किलोमीटरांत तो पार आत शिरला असता.